लोखंडबाबांचं बंधन

"जागं हो!" लोखंडबाबा गरजले. हातातली जाडजूड लोखंडी कांब त्यांनी मशीनच्या तोंडात उभी सोडली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि कुणाचाही हात न लागता मशीन जागं झालं. पंप घुमला, पोटातली लोखंडी भिंत करकरत पुढे सरकली, शेडचे पत्रे थरथरले. बाबांनी कांब झटकन वर ओढून घेतली. भिंत शेवटापर्यंत गेली, परत आली आणि थांबली.

रद्दीचे गठ्ठे बांधणाऱ्या त्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी एवढी माणसं कधी जमली नव्हती. कामगार, त्यांच्या बायका, सासवा, कडेवरची पोरं, सगळे पुठ्ठ्याच्या ढिगांवर चढून बघत होते. मशीनच्या हिरव्या बटणावर एका कामगाराची टोपी अडकवलेली होती. बाबांनी कांबीच्या टोकाने ती सगळ्यांना दाखवली.

"बघा रे नीट! टोपी जागच्या जागी आहे. बटणाला वारासुद्धा शिवलेला नाही. मग मशीन चालवलं कोणी?"

"महाराजांनी!" गर्दी ओरडली.

"चूक!" बाबांनी डोळे वटारले. "आत जो बसलाय ना, त्याने. मी फक्त हाक मारली. लोखंडाला मेलेलं समजू नका, बाळांनो. खाणीतून उपटताना ते आईच्या कुशीतून तुटतं. ते दुःख त्याच्या नसानसांतून वाहतं. त्या दुःखाच्या लहरी सगळ्यांना ऐकू येत नाहीत. मला येतात."

लोखंडाला आई असते ही बातमी गर्दीत उभ्या असलेल्या बाईंना नवीन होती. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. लहरी म्हणजे काय ते पोरांच्या डोक्यात उतरवताना दरवर्षी त्यांचा घसा बसायचा, आणि इथे हा दाढीवाला त्या लहरींची भेळ करून वाटत होता. डोक्यात तिडीक गेली, पण त्या ओठ दाबून उभ्या राहिल्या. तेवढ्यात बाबांचं पुढचं वाक्य थेट त्यांच्या घरावर येऊन आदळलं.

"उद्या सकाळी फिटर आत उतरेल."

फिटर म्हणजे बाईंचा नवरा. तो पुढेच उभा होता, खाली मान घालून. बाबांनी त्याच्या दंडात एक लोखंडी कडं चढवलं.

"माझं बंधन पाळलंस तर केसालाही धक्का लागणार नाही. मेन स्विच बंद करायचा नाही. बंद यंत्र म्हणजे बहिरं यंत्र, त्याला बंधन ऐकू कसं येणार? आणि आत शिरायचं ते वाकून. काम करायचं वाकून. बाहेर यायचं तेही वाकूनच. या खादाडापुढे ज्याने मान ताठ केली, तो गेलाच म्हणून समजा. याला अहंकार खपत नाही!"

मालक शेजारी हात जोडून उभे होते. "ऐकलंत ना सगळ्यांनी? आता पुन्हा कुणी म्हणू नका, मालकांनी काही केलं नाही म्हणून."

खादाड हे त्या मशीनला कामगारांनी ठेवलेलं नाव. सरकत्या पट्ट्यावरून रद्दी आणि पुठ्ठा त्याच्या चौकोनी तोंडात पडायचा आणि पोटातली भिंत तो दाबून गच्च गठ्ठा करायची. कधी ओला पुठ्ठा आत चिकटायचा, कधी प्लास्टिकच्या पट्ट्या गुंतायच्या. मग कुणीतरी बाजूच्या दारातून आत उतरून हाताने तो गुंता ओढून काढायचा. त्यासाठी कारखान्यात एक जुनी रीत होती. आत जाणारा आपली टोपी हिरव्या बटणावर अडकवायचा आणि भरवशाचा एक माणूस बटणापाशी पहाऱ्याला उभा राहायचा. टोपी दिसली की बटणाला हात लावायचा नाही, ही शपथच होती म्हणा ना. कितीतरी वर्षं माणसं त्या टोपीच्या जिवावर आत उतरली आणि धडधाकट बाहेर आली.

मेन स्विच नव्हता असं नाही. तो पेटीत होता आणि पेटीला कुलूप होतं. मेन बंद केला की मशीनमधलं तेल थंड पडतं, मग ते तापेपर्यंत काम रखडतं. म्हणून तो कुणी बंद करू नये यासाठी मालकांनी कुलूप घातलं होतं. जे कुलूप माणसाच्या जिवासाठी लावायचं, ते त्या कारखान्यात माणसाच्या जिवावर उठलं होतं. आणीबाणीचं लाल बटण तर कधीच तुटून पडलं होतं. त्याच्या भोकावर चिकटपट्टी होती.

आणि एक दिवस आत उतरला बाईंचा धाकटा भाऊ. बटणापाशी उभा होता फिटर, त्याचा सख्खा मेहुणा. टोपी बटणावर होती, पट्टा बंद होता, मशीन गप्प होतं. आणि मशीन चाललं. फिटरने उलट चालवायचा दांडा जिवाच्या आकांताने ओढला म्हणून धाकटा वाचला. पण उजवा पाय मांडीपासून गेला.

मालक आधी म्हणाले, फिटरचं कोपर बटणाला लागलं असणार. पण पुठ्ठा छाटणाऱ्या बायका समोरच बसलेल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यांत थोराड मावशी उठून म्हणाली, "फिटरदादांचे हात पाठीमागे होते. या डोळ्यांनी बघितलंय." बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या. खापर फोडायला माणूस मिळेना, तेव्हा मालकांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "मग काहीतरी बाहेरचं असेल." एवढं पुरलं. बघता बघता सगळा कारखाना त्या बाहेरच्याने झपाटला. कुणाला आतून कण्हणं ऐकू यायला लागलं, कुणाला तोंडाशी सावली दिसायला लागली. मालक मूग गिळून ऐकत राहिले. का ऐकणार नाहीत? भुतावर कुणी खटला भरत नाही. मात्र आत उतरायला कुणी तयार होईना, गठ्ठे अडून बसले, तेव्हा ते लोखंडबाबांना घेऊन आले.

संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी चहाचं आधणही ठेवलं नाही.

"अहो, ते कडं आधी काढा."

"राहू दे."

"तुम्ही फिटर आहात. मशीन उघडून परत जोडता. आत कोणीतरी बसलंय असं खरंच वाटतं तुम्हाला?"

"बसलेलं असू दे, असं वाटतं मला!" तो एकदम ओरडला. "आत कोणी नसेल तर बाहेर कोण होतं? मीच होतो ना? माझ्याच हाताने झालं मग. बोल ना, तुलाही तेच वाटतं."

बाईंनी नजर वळवली. भावाच्या मांडीवरचं बँडेज बदलताना ती शंका त्यांच्या मनाला शिवून गेली होती, आणि नवऱ्याने ती त्यांच्या तोंडावर वाचली होती. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी भाजी आणि दळण यापलीकडे बोलत नव्हते.

बाहेरच्या खोलीतून धाकट्याचा आवाज आला. "ताई, भाऊजींचे हात मागेच होते. दारातून दिसत होते मला."

बाई त्याच्या खाटेवर जाऊन बसल्या. "मशीन चालू व्हायच्या अगदी आधी तू काय करत होतास?"

"किती वेळा सांगू? पट्ट्या ओढत होतो."

"कसा? बसून, उभं राहून?"

"वाकून. बराच वेळ वाकलेलाच होतो, काही झालं नाही. मग कंबर धरली म्हणून सरळ उभा राहिलो. कमरेवर हात ठेवले, जरा आळस दिला..." तो थांबला. "तेवढ्यात भिंत आलीच."

"सरळ उभा राहिलास," बाई सावकाश म्हणाल्या. "हे तू आणखी कुणाला सांगितलंस?"

"मालकांना. दवाखान्यात आले होते ना. त्यांनी स्वतःच विचारलं, तू आत सरळ उभा होतास का म्हणून. हो म्हटलं, तर उठून गेले."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वाकून जा, वाकून राहा. खादाडाचा अहंकार म्हणे! त्या तरातरा नवऱ्यापाशी आल्या.

"अलीकडे त्या मशीनमध्ये नवीन काय बसवलं?"

"आपोआप चालायचं केलं," फिटर म्हणाला. "आधी एक माणूस बटणावर असायचा, तोंड भरलं की दाबायचा. त्याला काढून टाकलं. सुट्टीच्या दिवशी बाहेरचा कारागीर आणून मालकांनी करून घेतलं. आता पट्टा चालू असला की मशीन आपलं आपण दाबतं."

"पट्टा चालू असला की, हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तसंच दिसतं की."

"आणि तोंड भरलंय हे त्याला कसं कळतं?"

"ते मला कोणी दाखवलंच नाही," फिटर म्हणाला.

"लिफ्टचं दार मिटत असताना मध्ये हात घातला की ते परत उघडतं," बाई म्हणाल्या. "दाराला हात दिसतो का? एका बाजूने किरण जात असतो, तो अडला की दार उघडतं. तुमच्या मशीनच्या तोंडात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, असंच काहीतरी असणार. पुठ्ठा तिथवर चढून राहिला की किरण अडून राहतो, आणि मशीन समजतं, भरलं तोंड. माणूस उभा राहिला तरी तेच समजतं. त्याला काय, पुठ्ठा काय नि माझा भाऊ काय!"

"खात्री आहे तुझी?"

"नाही. उद्या बघायचं. पण तुम्ही आत जायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा सांगून बाई नवऱ्याबरोबर कारखान्यात गेल्या. शेडमध्ये सगळे जमले होते. लोखंडबाबा खुर्चीत, मालक त्यांच्या मागे. बाई कुणाला काही न विचारता लोखंडी जिना चढून मशीनच्या तोंडापाशी गेल्या आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. आतला पत्रा धुळीने राखाडी झाला होता. पण छातीएवढ्या उंचीवर, समोरासमोरच्या दोन भिंतींवर, बोराएवढी दोन भिंगं होती. ती तेवढी स्वच्छ पुसलेली. धुळीच्या त्या राज्यात कुणीतरी फडकं घेऊन नेमकी तीच पुसली होती.

"अहो, वर या आणि बघा," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, तसा तो जिना चढून वर आला.

"खाली उतरा!" बाबा खुर्चीतून उसळले. "बाईमाणसाच्या सावलीने बंधन बाटतं!"

"आमच्या सावलीतच तर सगळे गठ्ठे होतात, महाराज," थोराड मावशी म्हणाली. "तेव्हा नाही बाटत ते?"

बायका खदाखदा हसल्या. बाईंनी तेवढ्यात एक लांब पुठ्ठा गुंडाळून माणसाच्या उंचीचा बाहुला केला. नवऱ्याच्या दंडातलं कडं काढून त्याला बांधलं. वरच्या टोकाला दोरी बांधून बाहुला मशीनमध्ये आडवा सोडला.

"शाळेत मी पोरांना एकच शिकवते," त्या म्हणाल्या. "एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. टोपी बटणावर आहे. पट्टा बंद आहे. बाहुल्याने कडं घातलंय आणि तो आडवा पडलाय, महाराजांनी सांगितलं तसा वाकून. बघा."

सगळे बघत राहिले. मशीन गप्प होतं.

"पाहिलंत!" बाबा ओरडले. "कड्याचा प्रताप!"

"कडं तसंच राहू दे. फक्त याला सरळ उभा करते."

त्यांनी दोरी ओढली. बाहुला उभा राहिला. पंप घुमला, भिंत सरकली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहुला कड्यासकट चिरडला गेला. दोरी हातातून सुटली. भिंत मागे आली तेव्हा कडं चेपून पत्र्यासारखं झालं होतं. फिटर कठड्यावरून ओणवा होऊन त्या भिंगांकडे बघू लागला.

बाईंनी कोपऱ्यातला झाडू उचलून मावशीला दाखवला. "वर या मावशी. याचा दांडा त्या दोन भिंगांच्या मध्ये धरा आणि जागं करा खादाडाला."

मावशी पदर खोचून वर चढली. झाडू आत धरला आणि बाबांच्याच आवाजात गरजली, "जागं हो रे, मेल्या!"

मशीन जागं झालं. मावशीने किंचाळत झाडू मागे घेतला आणि अख्खी शेड हसली. भीतीने इतके दिवस कोंडलेलं हसू होतं ते, थांबेचना. लोखंडबाबा चपला शोधायला लागले.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या खाली उतरून बाबांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"कांबीचा खेळ कळला. त्या खेळासाठी भिंगं कोणी पुसली तेही कळलं. एवढंच सांगा, वाकून जायला सांगायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मंत्रातून तर आलेलं नाही ते. आत भिंग किती उंचीवर आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ते सुचेल."

बाबांनी मालकांकडे पाहिलं. मघाचा गडगडाट कुठल्या कुठे गेला होता. "मला जसं सांगितलं तसं मी बोललो, बाई. मी पोटार्थी माणूस."

सगळ्या माना मालकांकडे वळल्या.

"अरे, मी काळजीपोटीच केलं ना!" मालक घाम पुसत म्हणाले. "मेन बंद केला की अर्धी पाळी तेल तापण्यात जाते. धंदा कसा करायचा? आणि वाकून राहिलं तर काही होत नाही. पोरगा वाकून राहिला असता तर त्यालाही काही झालं नसतं."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोलून गेलो. फिटर जिन्यावरून उतरून त्यांच्यासमोर आला. त्याचा आवाज अगदी खाली होता.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मी रोज जेवताना स्वतःच्या हातांकडे बघतो. याच हातांनी मेहुण्याचा पाय तोडला का, म्हणून घास उतरत नाही. माझी बायको माझ्याकडे बघत नाही. आणि तुम्ही आमच्यावर भूत सोडलंत." त्याने हात पुढे केला. "पेटीची किल्ली."

"हे बघ फिटर, तमाशा नको. कामाला लागा सगळे."

मावशी गठ्ठ्यावर बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली. मग सगळ्या बसल्या, मग पुरुष बसले. कुणी आरडाओरडा केला नाही. पट्टा बंदच राहिला. मालक एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले, पण जो तो त्यांच्याकडेच रोखून बघत होता. शेवटी ते ऑफिसात गेले आणि किल्ली घेऊन आले. बाबा त्या गडबडीत कधी सटकले ते कुणी पाहिलंही नाही.

फिटरने पेटी उघडली, मेनचा खटका खाली ओढला आणि तो पुन्हा वर जाणार नाही असं तेच कुलूप त्याला घातलं. किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग हिरवं बटण दाबून पाहिलं. मशीन मेलेलं. भिंगांच्या मध्ये झाडू धरून पाहिला. मेलेलं. तरी तो आत गेला नाही. नळ्यांत कोंडलेल्या तेलाचा दाब त्याने सोडून दिला आणि भिंतीपुढे जाड लाकडी ठोकळा अडकवला. मगच दारातून आत उतरला.

तो आत असताना बाई कामगारांकडे वळल्या.

"थांबलेलं मशीन आणि बंद मशीन यांत जीव जाण्याइतका फरक आहे, तेवढा लक्षात ठेवा. टोपीची तुमची रीत चांगली होती, पण ती माणसांच्या हातासाठी होती. आता चालवणारा हातच राहिला नाही, किरण आलाय, त्याला टोपी कुठून दिसणार? आत जायच्या आधी वीज तोडायची, कुलूप घालायचं, आणि किल्ली आत जाणाऱ्याच्याच खिशात. खटका खाली गेला म्हणून विश्वास ठेवायचा नाही, मशीन चालवून बघायचं. मशीनमध्ये बदल केला तर काय केला ते सगळ्यांसमोर सांगायला लावायचं. आणि कोणी म्हणालं की वाकून जा, मग तो बाबा असो नाहीतर मालक, तर आधी विचारायचं की वर काय आहे. उत्तर मिळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही."

घरी आल्यावर फिटर सरळ धाकट्याच्या खाटेपाशी जाऊन बसला आणि झालं ते सगळं सांगितलं. बाई दारात उभ्या होत्या. नवऱ्याच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. त्याने नुसती मान हलवली.

धाकट्याने उशीवरून मान वळवली. मग म्हणाला, "मालकांना माहीत होतं तर मला सांगायचं ना, ताई. मी वाकून राहिलो असतो की. मला काय जड होतं का?"

इतके दिवस बाईंनी डोळ्यांत टिपूस येऊ दिलं नव्हतं. आता त्या रडल्या, आणि रडता रडताच भावावर ओरडल्या, "अरे, तू का वाकायचंस? त्यांनी मशीन बंद करायचं होतं! मेन बंद करायला वेळ तो किती लागतो?"

"हात वर न्यायचा आणि खाली आणायचा," फिटर म्हणाला. "तेवढाच."